शिंगट्यासाठी गळ टाकण्याआधी: छोटी होडी बांधायची आणि सोडायची कशी

भीमेवर शिंगटा माशासाठी गळ टाकायला येणारी नवी मंडळी रॉड आणि रिळावर पाच-सात हजार सहज खर्च करतात, आणि होडी बांधायला गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी घेऊन येतात. मीही तसाच आलो होतो. पहिल्या वर्षी, ऑक्टोबरच्या अखेरीस, दौंडच्या खाली एका डोहावर मी होडी मागच्या बाजूने नांगरली. कारण काय, तर बसायची फळी मागे होती आणि दोरी बसल्या जागी हाताशी येत होती. तासाभराने पाणी वाढलं. फार नाही, वीतभर. पण धारेला जोर आला, होडीचं सपाट मागचं अंग तिला सामोरं होतं, आणि पाणी कडेवरून आत यायला लागलं. गाठ सोडायला गेलो तर ती भिजून, ताणून दगड झालेली. निरगाठ होती. शेवटी गांडुळं तोडायच्या सुरीने दोरी कापली, नांगर भीमेला वाहिला आणि गुडघाभर पाण्यासकट होडी काठाला लावली.

काठावर जाळं सांधत बसलेले एक वयस्कर मच्छीमार हे सगळं बघत होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं, "बांधली कुणी?"

"मीच, आबा."

"मग सोडायला कोण येणार हुतं?"

पुढे जे लिहिलं आहे ते बरंचसं त्या एका प्रश्नातून शिकलेलं आहे.

एक गोष्ट आधी. शिंगटा काय किंवा मांगूर काय, हे मिशीवाले, बिनखवल्यांचे मासे तळाशी चरतात आणि डोळ्यांपेक्षा वासावर नि मिशांवर जास्त भरवसा ठेवतात. आमिष तळाला स्वस्थ पडलेलं हवं. होडी डावी-उजवीकडे झुलत राहिली की गळ तळावरून फरफटतो, दगडात अडकतो, आणि दर दोन मिनिटांनी मासा लागल्याचा भास होतो. त्यामुळे या मासेमारीत होडी नीट बांधणं हा निम्मा खेळ आहे. शिवाय हे मासे अंधार पडताना जास्त हलतात, म्हणजे गाठी तुम्हाला बहुधा चाचपडतच सोडाव्या लागणार.

पाण्याची चौकशी

पुणे जिल्ह्यातल्या नद्या आता निम्म्या आभाळाच्या आणि निम्म्या धरणांच्या आहेत. मुठेवर खडकवासला, त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर; पवनेवर पवना धरण, भीमेवर चासकमान, भामेवर भामा आसखेड, घोड नदीवर डिंभे. हे सगळं पाणी शेवटी भीमेतून उजनी धरणात उतरतं. पाऊस पडतो ताम्हिणीच्या घाटात आणि दौंडला कोरडं ऊन असतं. म्हणून आभाळ बघून नदीचा अंदाज बांधणारा इथे फसतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्याभरात बातम्यांमध्ये बंडगार्डन आणि दौंड इथल्या विसर्गाचे आकडे येतात, क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. आकडा केवढा आहे यापेक्षा तो कालच्याहून चढतोय की उतरतोय ते बघा. चढत असेल तर त्या दिवशी होडी नको. चढत्या पाण्यात मासा चांगला लागतो असं सांगणारे भेटतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. फक्त ते स्वतः काठावर उभे राहून गळ टाकतात. खडकवासल्याचा विसर्ग वाढून पुण्यातला मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला, अशा दिवसांत तर भीमेच्या काठालाही फार जवळ जाऊ नये. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं ते आठवा. तेच पाणी पुढे भीमेत येतं.

नदीवर पोचलात की पहिलं काम म्हणजे पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी खोचून ठेवायची. दर अर्ध्या तासाने तिच्याकडे नजर टाकायची. काटकी पाण्यात गेली, पाणी गढूळ झालं, फेस, पालापाचोळा किंवा जलपर्णीचे तुकडे वाहत यायला लागले, की वरून पाणी सुटलंय. मोबाईलवर बातमी यायची वाट बघू नका.

आणि हो, परवानगी. धरणं आणि तलावांतले मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार संस्थांकडे किंवा ठेकेदारांकडे असतात. आधी विचारा, पावती घ्या. खडकवासल्यात होडी घालायचा विचारही करू नका. ते पुणे शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि काठाला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी आहे. शहरातल्या मुळा-मुठेबद्दल वेगळं सांगायला नको. तिथे मांगूर भरपूर आहे, पण तो कशावर वाढलाय ते संगम पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

दोरी, नांगर आणि सुरी

लाइफ जॅकेट घालून बसायचं, बुडाखाली घ्यायचं नाही. यावर यापेक्षा जास्त लिहीत नाही.

दोरी नायलॉनची घ्या, दहा मिलिमीटर जाडीची. बारीक दोरीनेही होडी थांबते, पण ओली बारीक दोरी ओढताना तळहात कापतो. नायलॉन थोडं ताणलं जातं, त्यामुळे धारेचे हिसके ते स्वतः झेलतं आणि नांगर उपटला जात नाही. बाजारात पिवळी-निळी स्वस्त दोरी मिळते ती नायलॉन नव्हे. ती पाण्यावर तरंगते, उन्हात दोन वर्षांत तिचा भुगा व्हायला लागतो, आणि तरंगणारी दोरी दुसऱ्याच्या इंजिनाच्या पंख्यात गेली की काठावर जी भाषा ऐकायला मिळते ती इथे लिहिता येणार नाही. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास दोऱ्यांची दुकानं आहेत. "होडीला हवी आहे" असं सांगा, आणि तीस मीटर घ्या. घरी आल्यावर तिच्यावर दर वावेला रंगाचा पट्टा ओढा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर, सुमारे सहा फूट. पाण्यावर गेल्यावर हे पट्टे किती कामाला येतात ते पुढे येईलच.

नांगराबद्दल सगळ्यांचा एकच गैरसमज असतो, की जड वस्तू म्हणजे नांगर. रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून केलेला 'नांगर' मी अनेक होड्यांमध्ये पाहिला आहे. पाण्यात काँक्रीटचं वजन जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होतं. दहा किलोचा डबा तळाला गेल्यावर जेमतेम सहा किलोचा उरतो आणि वाळूवरून सुखाने घसरत जातो. लोखंडाचं वजन पाण्यात आठवा हिस्सा कमी होतं. पण लोखंडाचा खरा फायदा वजनाचा नाही, आकाराचा आहे. नांगर पकडून थांबतो. शेतातल्या नांगरासारखाच तो तळात घुसायला हवा.

आपल्या नद्यांचा तळ बेसाल्टचा. मध्येच खडक, मध्येच वाळू, आणि खाली उजनीच्या फुगवट्याकडे गाळ. दोघांच्या बारा-चौदा फुटी होडीला चार-पाच दातांचा पाच-सहा किलोचा नांगर पुरतो. वेल्डिंगवाल्याकडे बारा मिलिमीटरच्या सळ्या वाकवून करून घेता येतो. जुन्या बाजारात भंगारातल्या सळ्या मिळाल्या तर आणखी स्वस्त. नुसत्या मऊ गाळात मात्र हे बारीक दात लोण्यातून सुरी जावी तसे निघून येतात. तिथे रुंद पात्याचा नांगर हवा, किंवा सरळ बांबू. त्याबद्दल पुढे.

नांगर आणि दोरी यांच्यामध्ये दीड-दोन मीटर साखळी घाला. ही पायरी सगळे गाळतात. साखळी तळावर आडवी पडते, त्यामुळे ओढ नांगरावर आडवी येते आणि दात आत घुसतात. साखळीशिवाय दोरी नांगराला वर उचलते. खडकावर घासून दोरी तुटणंही त्यामुळे वाचतं.

आता एक छोटी करामत, जिने माझे किमान चार नांगर वाचवले. साखळी नांगराच्या वरच्या कडीला बांधू नका. खाली जिथे दात एकत्र येतात त्या बुडाला शॅकलने, म्हणजे खिळ लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीने अडकवा. तिथून साखळी दांड्याला धरून वर आणा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीच्या तीन-चार वेढ्यांनी बांधा. एरवी ओढ वरच्या कडीतूनच जाते, म्हणजे नांगर नेहमीसारखा पकडतो. दगडाच्या कपारीत अडकला तर जोरात ओढायचं. सुतळी तुटते आणि ओढ बुडाकडून यायला लागते. नांगर ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने उलटा बाहेर. कुणी म्हणेल, धारेतच सुतळी तुटली तर? तर होडी वाहायला लागेल आणि तुम्ही वल्ही माराल. बुडालेल्या होडीपेक्षा वाहणारी होडी बरी.

उरली सुरी. आमिषाची नव्हे, वेगळी, दातेरी पात्याची, म्यानात घालून लाइफ जॅकेटलाच अडकवलेली. डब्याच्या तळाशी, पिठाच्या गोळ्यांखाली ठेवलेली सुरी ही नसल्यातच जमा.

दोरी होडीला कुठे

नाळेला. म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला. वाहत्या पाण्यात दुसरं उत्तरच नाही.

नाळ पाणी कापण्यासाठीच घडवलेली असते. मागचं अंग सपाट आणि बुटकं असतं, त्यावर माणसाचं आणि इंजिनाचं वजन असतं. धार तिथे आदळली की होडी खाली दबते. आडवी बांधलेली होडी तर सगळ्यात वाईट, कारण पूर्ण लांबीवर पाणी ढकलतं आणि एक कड दोरीने खाली खेचलेली असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. मघाशी 'फार नाही, वीतभर' असं मी म्हटलं ना, तिथे चूक होती. वाढलेली वीत बघायची नसते, वाढलेला वेग बघायचा असतो.

नाळेवर आरपार आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट बसवून घ्या, मागून जाड वॉशर किंवा लोखंडी पट्टी लावून. फळीत नुसते स्क्रू पिळून लावलेली कडी एखाद्या हिसक्यात उपटून येते. बसायच्या फळीला दोरी कधीच बांधू नका.

गाठ कुठली? कडीभोवती दोन पूर्ण वेढे घ्या आणि त्यावर सुरगाठ. ओढ सगळी वेढ्यांवर जाते, गाठीवर फक्त वेढे सुटू न देण्याचं काम राहतं. म्हणून दोरी कितीही ताणलेली असली तरी सुरगाठीचं मोकळं टोक एका झटक्यात सुटतं. ट्रेकिंगवाले मित्र कॅराबिनर, म्हणजे त्यांची स्प्रिंगची कडी लावायला सांगतील. डोंगरात तो ठीक आहे, पण ताण असलेल्या दोरीतून कॅराबिनर निघत नाही, आणि आपल्याला तर नेमकं ताण असतानाच सुटायचं आहे. घरी बाल्कनीच्या गजाला बांधून, डोळे मिटून, एका हाताने सोडायचा सराव करा. दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत नदीवर येऊ नका. दुसऱ्या टोकाला, साखळीपाशी, बोलाईन गाठ घाला; ती सरकत नाही आणि भिजल्यावरही सुटते.

नांगराच्या दोरीला होडीजवळ एक पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट बसवलेला तेलाचा कॅनही बांधून ठेवा. त्याचं काम मोठा मासा लागल्यावर.

नांगर सोडताना

नवखा डोहावर जातो आणि डोहावरच नांगर टाकतो. मग होडी दोरीभर खाली वाहत जाऊन थांबते, आणि तो रिकाम्या पाण्यात गळ टाकत बसतो.

आधी खोली मोजा. पट्टे ओढलेल्या दोरीला दगड बांधून सोडा आणि मोजा. आबा अजून पुरुषात मोजतात, "दोन पुरुस पानी हाय" म्हणतात; म्हणजे साधारण अकरा-बारा फूट. सावकाश धारेत खोलीच्या पाचपट दोरी द्यायची, जोराच्या धारेत सातपट. बारा फूट पाण्याला साठ फूट, म्हणजे दहा पट्टे. तीस मीटर दोरी म्हणजे सुमारे सोळा पट्टे, म्हणून सावकाश धारेतही वीस फुटांहून खोल पाण्यात ही दोरी घेऊन नांगरू नका. कमी दोरीने दोन वाईट गोष्टी होतात. नांगर पकडत नाही, किंवा पकडतो आणि पाणी वाढल्यावर नाळेला खाली ओढायला लागतो.

शिंगटा बहुधा डोहाच्या तोंडाशी असतो, जिथे उथळ वाहतं पाणी खोलात उतरतं. दौंड-शिरूरच्या पट्ट्यात वाळू उपशाचे जुने खड्डेही असेच असतात, कमरेएवढ्या पाण्यातून एकदम दोन पुरुष. मासा तिथे बसून वरून वाहत येणाऱ्या वासाची वाट बघतो. म्हणून होडी त्याच्या वरच्या अंगाला, धार येते त्या बाजूला हवी, चाळीसेक फूट. होडीच्या वर साठ फुटांवर नांगर. म्हणजे डोहाच्या शंभर फूट वर जाऊन नांगर सोडायचा. हा हिशेब काठावर बसूनच करा.

सोडताना एकाने वल्ह्यावर, दुसऱ्याने दोरीवर. नाळ वरच्या अंगाला करून होडी जवळजवळ थांबवा. नांगर हाताखाली हात घेत अलगद सोडा. सिनेमातल्यासारखा भिरकावला तर साखळी दातांत गुंतते, आणि दोरीची गुंडाळी तुमच्या पायात असेल तर तिच्यासोबत तुम्हीही जाता. दोरी बादलीत गुंडाळून ठेवा, पाय बाहेर. नांगर तळाला टेकला की होडीला मागे वाहू द्या, दोन-तीन पट्टे गेल्यावर कडीभोवती एक वेढा देऊन हलका ताण घ्या, पुन्हा सोडा, पुन्हा ताण. हाताला थरथर जाणवत असेल तर नांगर खडकावरून घसरतोय. एकदम जड थांबा आला की पकडला.

पकडला असं वाटणं आणि पकडलेला असणं यात फरक आहे. काठावरच्या दोन खुणा धरा, एक जवळची, एक मागची: समजा बाभळीचं झाड आणि त्याच्या पाठीमागे विजेचा खांब. दोन्ही एका रेषेत आणा आणि पाच मिनिटं बघा. रेष तुटली नाही तर गळ टाका.

नांगर टाकण्याआधी खाली काय आहे याचाही विचार हवा. भीमेच्या दोन्ही काठांवर शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात, पाइप आणि विजेच्या केबल पाण्यात गेलेल्या असतात. त्यांच्या आसपास नांगर टाकायचा नाही, त्यांना होडीही बांधायची नाही. तेच मच्छीमारांच्या जाळ्यांचं. रांगेने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे. ते कुणाचं तरी महिन्याचं पोट आहे.

भिगवणकडे, थांबलेल्या पाण्यात

खाली भिगवण, कुंभारगाव, पळसदेवकडे उजनीचा फुगवटा लागतो. धार नाही म्हणून लोक सैलावतात, पण इथे शत्रू वारा आहे. एवढ्या लांबरुंद पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसतं, त्यामुळे लाटा बघता बघता उठतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर मी उजनीवर होडीत बसत नाही. कितीही मासा लागत असला तरी.

इथे उथळ गाळात आबांच्या पद्धतीने बांबू रोवणं सगळ्यात उत्तम. दोन वाव लांबीचा जाड बांबू, खालचं टोक तिरकं तासलेलं. होडीतून उभं राहून दाबायचा नाही, तोल जातो. गुडघ्यावर बसून हलवत हलवत खाली न्यायचा. दोरीचा बांबूभोवती सैल वेढा ठेवायचा, म्हणजे पाण्यासोबत तो वर-खाली सरकतो. बांबूला दोरी करकचून आवळली तर होडी लाटेवर उठताना बांबूच उपटते.

होडी झुलू नये म्हणून पुढे-मागे दोन नांगर टाकायची पद्धत फक्त इथल्या थांबलेल्या पाण्यासाठी आहे. आधी नाळेचा, वाऱ्याच्या दिशेने; मग दोरी दुप्पट सोडून मागे जायचं, मागचा सोडायचा आणि पुढची दोरी निम्मी ओढून घ्यायची. वारा वाढला की मागचा आधी मोकळा करायचा, म्हणजे होडी आपोआप नाळ वाऱ्याला देते. वाहत्या पाण्यात मागे दुसरा नांगर लावून होडी 'एकदम स्थिर' करणारे हुशार लोक असतात. तसलं काही करू नका.

काठाला बांधायची असेल तर

कधी कधी नांगराची गरजच नसते. जिवंत, मुळं धरलेलं झाड निवडा, वाळलेलं किंवा पाण्यावर कललेलं नको. अशा आडव्या फांद्यांखाली धार होडीला ढकलत नेते आणि माणूस आत अडकतो. शिवाय वरून कधी सापही उतरतो. फांदीला नव्हे, बुंध्याला बांधा, आणि गाठ होडीच्या बाजूला ठेवा. सुटायची वेळ आली की काठावर उडी मारून गाठ सोडता येत नाही. दोरी बुंध्याभोवती नुसती फिरवून दोन्ही टोकं होडीत आणली की एक टोक सोडून दुसरं ओढता येतं, काठावर काहीच मागे राहत नाही. पुलाच्या खांबाला कधीही नाही. खांबाला लागून भोवरे असतात आणि वाहून आलेला कचरा तिथेच तुंबतो.

मोठा मासा लागला

आता त्या कॅनचं काम. आठ-दहा किलोचा शिंगटा धारेत खाली पळाला की नांगरलेल्या होडीतून त्याला वर ओढणं म्हणजे नदीशीच रस्सीखेच. गळाची दोरी तुटते, नाहीतर मासा नांगराच्या दोरीत गुंडाळला जातो. जोडीदाराने सुरगाठ ओढायची, कॅनसकट दोरी पाण्यात टाकायची, आणि होडी माशासोबत खाली जाऊ द्यायची. नंतर वल्हवत परत येऊन कॅन पकडला की नांगर आहे तिथेच, खुणाही त्याच. वाहत येणारं झाड किंवा जलपर्णीचा गालिचा नाळेवर येऊन बसला तरी हेच करायचं. जलपर्णी हलकी दिसते, पण तिचा एक मोठा तुकडा दोरीवर अडकला की होडी पाण्याखाली जायला वेळ लागत नाही.

मासा आत घेताना दोघांनी एकाच बाजूला वाकू नये. शिंगट्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे ताठ असतात. ओल्या गोणपाटाने धरा. थायलंडचा म्हणून ओळखला जाणारा मांगूर लागला तर परत पाण्यात सोडू नका. तो मुळात आफ्रिकेतला, त्याच्या पालनावर २००० पासून बंदी आहे, आणि आपल्या देशी माशांचा तो फडशा पाडतो.

नांगर निघत नाही

दोरी ओढत, वल्हवत होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर आणा. दोरी उभी झाली की नाळेवरूनच ओढा, कडेवरून नाही. कडेवर दोघं वाकून ओढतात आणि होडी त्यांच्यावर येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निघाला नाही तर नांगराच्याही थोडं वर जाऊन ओढून बघा. तरीही नाही, तर नाळेच्या कडीला दोन वेढे देऊन होडीला धारेत मागे जाऊ द्या, सुतळी तुटेल. तीन प्रयत्नांनंतरही हटून बसला असेल आणि पाणी चढत असेल, तर सुरी. सळ्यांचा नांगर चारशे-पाचशे रुपयांत पुन्हा होतो. मला पहिला नांगर कापताना जिवावर आलं होतं. दुसऱ्या वेळी मिनिटही लागलं नाही.

रात्री होडी काठाला ठेवायची तर

पाण्यात बांधून ठेवू नका. रात्रीत पाणी उतरलं तर होडी दोरीला लटकते, चढलं तर आखूड दोरीने नाळ खाली धरली जाते. दोघांनी ओढून पुराच्या खुणेच्या वर न्या. झाडांच्या फांद्यांना अडकलेला पाला आणि प्लास्टिक असतं ना, ती नदीने स्वतः मारलेली खूण. उलटी करून ठेवा, आणि वल्ही घरी न्या.

दोरी मात्र घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, आणि साखळीच्या कड्या एकेक करून तपासा. जलपर्णीचा बोटभर तुकडाही कडीत राहिला नाही ना, ते बघा. पुढच्या रविवारी तुम्ही तीच साखळी पवनेत टाकणार असाल, तर तो तुकडाही तिच्यासोबत जाईल.